पहिली सुई संमती दिलेल्या देहातच जावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

देहदानाविषयी आपल्या वृत्तपत्रात अलीकडे वाचकांची जी पत्रे आली, त्यांतल्या एका पत्रात असा प्रश्न होता की, सिलिकॉनचे पुतळे आणि संगणकावरचे सिम्युलेटर हाताशी असताना दान केलेल्या देहाच्या ओटीपोटावर, म्हणजे माणूस आयुष्यभर झाकून ठेवतो त्या भागावर, शल्यचिकित्सकांनी सराव करणे सभ्यतेला धरून आहे का. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात मृत व्यक्तीविषयी आदर आहे हे उघड आहे, आणि म्हणूनच ‘विज्ञानासाठी ते आवश्यक आहे’ एवढ्या एका वाक्यात त्याची बोळवण करणे योग्य होणार नाही. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. अंग बाहेर येणे, खोकताना-शिंकताना लघवी सुटणे, बाळंतपणात स्नायू फाटणे या तक्रारींवरच्या शस्त्रक्रिया करण्यात आणि त्या नव्या डॉक्टरांना शिकवण्यात माझी 22 वर्षे गेली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीच्या पत्रांपेक्षा लांबले आहे, पण विषय दोन परिच्छेदांत मावणारा नाही.

ओटीपोटाची शस्त्रक्रिया इतर शस्त्रक्रियांहून वेगळी का, हे आधी सांगायला हवे. पोट उघडले की आतडी, यकृत, जठर समोर दिसू लागतात. ओटीपोटाचा तळ मात्र हाडांच्या अरुंद आणि खोल भांड्यासारखा असतो, आणि मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय त्यात एकमेकांना खेटून बसलेले असतात. मूत्रपिंडाकडून मूत्र घेऊन येणारी मूत्रवाहिनी तिथे गर्भाशयाच्या धमनीखालून जाते, आणि त्या जागी ती गर्भाशयाच्या मुखापासून जेमतेम दीड ते दोन सेंटिमीटरवर असते. गर्भाशय काढताना ती धमनी बांधावीच लागते, आणि त्याच चिमट्यात मूत्रवाहिनी सापडली तर त्या बाजूचे मूत्रपिंड धोक्यात येते. योनीमार्गाने होणाऱ्या काही शस्त्रक्रियांत तर नेमक्या कठीण क्षणी डोळ्यांचा उपयोग नसतो. अंग बाहेर आलेल्या स्त्रीच्या योनीचा वरचा भाग ज्या अस्थिबंधाला (हाडांना जोडणाऱ्या चिवट पट्ट्याला) टाक्याने बांधतात, तो बैठकीच्या हाडाच्या आतल्या टोकापासून त्रिकास्थीपर्यंत, म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाच्या हाडापर्यंत, ताणलेला असतो. सर्जनला तो दिसण्याआधी बोटाला लागावा लागतो, आणि बऱ्याचदा तो बोटालाच लागतो. टाका त्या हाडाच्या टोकापासून सुमारे दोन सेंटिमीटर मध्यरेषेकडे घ्यायचा असतो, कारण टोकाच्या लगत मागून जननेंद्रिये आणि गुदद्वाराभोवतीच्या भागाला संवेदना देणारा प्युडेंडल मज्जातंतू आणि त्याच्या सोबतच्या रक्तवाहिन्या जातात. टाका बाहेरच्या बाजूला सरकला तर शुद्धीवर आलेल्या रुग्णाला बसवत नाही, इतक्या कळा मारतात. रक्तवाहिनीला इजा झाली तर एवढ्या खोल जागचा रक्तस्राव थांबवणे सरावलेल्या हातालाही जड जाते.

हे दोन सेंटिमीटर वाचून पाठ होतात, बोटाला मात्र ते तिथे पुनःपुन्हा जाऊन आल्यावरच कळतात. पहिल्यांदा ते बोट कोणाच्या देहात जाणार, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे.

माझे बोट आणि माझी सुई एका जिवंत स्त्रीच्या देहात गेली. 1990 च्या दशकात स्वीडनमधील स्त्रीरोगतज्ज्ञ उल्फ उल्मस्टेन यांनी लघवी सुटण्याच्या विकारावर एक शस्त्रक्रिया विकसित केली. तीत मूत्रमार्गाखाली एक अरुंद टेप ठेवतात आणि तिची दोन टोके लांब वाकड्या सुईने ओटीपोटाच्या पुढच्या हाडामागून वर, पोटाच्या कातडीपर्यंत आणतात. सुईचा मधला प्रवास दिसत नाही. मूत्राशयाला छिद्र पडणे हा तिचा ठाऊक असलेला धोका आहे, आणि म्हणून नंतर मूत्राशयात दुर्बीण घालून खात्री करतात. मी तेव्हा निवासी डॉक्टर होते आणि ही शस्त्रक्रिया मी फक्त पाहिलेली होती. वरिष्ठांनी सुई माझ्या हाती दिली. त्यांचा हात माझ्या हातावर होता, तरीही सुईचे टोक हाडाच्या मागच्या अंगाला घासत ठेवायचे म्हणजे किती दाब द्यायचा, हे त्यांच्या हातातून माझ्या हातात उतरले नाही. दुर्बीण घातली तेव्हा मूत्राशयात भरलेल्या पाण्यात, भिंतीतून आरपार आलेली ती चकचकीत सुई मला दिसली. ती काढून मी पुन्हा घातली, आणि पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वेळी वरिष्ठांनी ती स्वतः घातली. त्या बाईंना ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी घरी जाता आले नाही; लघवीची नळी काही दिवस तशीच ठेवावी लागली. सकाळी फेरीवर गेले तेव्हा त्यांनी विचारले, ‘डॉक्टर, शेजारच्या ताईंची नळी काढली, मग माझीच का ठेवली?’ मी म्हणाले, ‘मूत्राशयाला थोडी विश्रांती द्यायची आहे.’ हे खोटे नव्हते, पण पूर्ण खरेही नव्हते. ज्या हाताने सुई घातली त्या हाताची ती पहिलीच वेळ होती, हे त्यांना आधी कोणी सांगितले नव्हते आणि नंतर मीही सांगितले नाही. त्यांची जखम भरून आली, मूळचा त्रासही गेला. मला मात्र त्या उत्तराची लाज आजही वाटते.

आमच्या शाखेचा इतिहास या बाबतीत फार क्लेशदायक आहे. कठीण बाळंतपणानंतर मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये पडणारे छिद्र शिवण्याची पद्धत ज्यांच्या नावे सांगितली जाते, त्या जेम्स मॅरियन सिम्स यांनी ती 1845 ते 1849 या काळात अमेरिकेतील अलाबामा राज्यात, माँटगोमेरी येथे, गुलामगिरीत असलेल्या स्त्रियांवर प्रयोग करून बसवली, आणि तीही भूल न देता. त्यांतल्या तिघींचीच नावे मागे राहिली आहेत: अनार्का, ल्युसी आणि बेट्सी. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. नकार देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा सिम्स यांचा पुतळा 2018 मध्ये हलवण्यात आला, पण त्या स्त्रियांच्या वेदनेतून शिकलेले टाके आम्ही आजही घालतो. हे सगळे जुने झाले, असे कोणी म्हणेल तर तसेही नाही. दुसऱ्याच कारणासाठी भूल दिलेल्या स्त्रीची आतून तपासणी विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचा प्रकार अनेक देशांत कित्येक वर्षे तिला न विचारता चालत आला; 2024 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य विभागाला, अशा तपासणीसाठी रुग्णाची स्पष्ट लेखी संमती घेतलीच पाहिजे, असे रुग्णालयांना बजावावे लागले. पत्रलेखकांना माझी विनंती आहे की, दान केलेल्या देहावरच्या सरावाचा विचार त्यांनी याच्या शेजारी ठेवून करावा. विचारपूर्वक ‘हो’ म्हणून गेलेल्या व्यक्तीचा देह आम्ही नाकारला, तर शिकण्याचे ओझे नाहीसे होत नाही. ते ज्याला काहीच सांगितलेले नाही अशा टेबलावरच्या रुग्णाच्या अंगावर जाऊन पडते.

मात्र ‘मृतदेहावर सराव’ असे म्हणताना तो देह कोणत्या पद्धतीने टिकवलेला आहे, हे विचारणे भाग आहे, आणि माझ्या दृष्टीने या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे.

वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षी विद्यार्थी ज्या देहावर विच्छेदन शिकतात, तो बहुधा फॉर्मॅलिनने टिकवलेला असतो. 1893 मध्ये फ्रँकफर्टच्या फेर्डिनांड ब्लुम यांना फॉर्मॅलिनवर काम करताना स्वतःच्या बोटांची कातडी कडक झालेली आढळली, आणि ऊती टिकवण्यासाठी त्याचा वापर तिथून सुरू झाला. जे त्यांच्या बोटांचे झाले तेच देहाचे होते. फॉर्मॅलिनमधले फॉर्मॅल्डिहाइड प्रथिनांचे रेणू एकमेकांना जखडून टाकते. त्यामुळे देह कुजत नाही, वर्षानुवर्षे टिकतो, पण त्याचबरोबर तो ताठरही होतो. मूत्राशय फुगत नाही, योनीच्या भिंती ताणल्या जात नाहीत, अवयवांमधले जे पातळ पापुद्रे सर्जनला बोटाने अलगद सोडवायचे असतात ते एकमेकांना चिकटून बसतात. बाळंतपणात गुदद्वाराभोवतीचे दोन स्नायू फाटतात तेव्हा त्यांतला बाहेरचा लालसर आणि आतला फिकट असतो, आणि दोन्ही ओळखून वेगवेगळे शिवायचे असतात. फॉर्मॅलिनच्या देहात दोन्ही सारखेच करडे-तपकिरी दिसतात. सगळ्यांत मोठी अडचण तर त्याहून साधी आहे. आमच्या शस्त्रक्रिया रुग्णाच्या मांड्या पोटाकडे वाकवून, पाय फाकवून, उंच आधारात ठेवून केल्या जातात, आणि फॉर्मॅलिनने टिकवलेल्या देहाचे खुबे वाकतच नाहीत. ज्या स्थितीत शस्त्रक्रिया करायची, त्या स्थितीत तो देह ठेवताच येत नाही. शिवाय ती वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मॅल्डिहाइडची गणना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली. अवयव कुठे असतो हे शिकण्यासाठी तो देह उत्तमच आहे, आणि पहिल्या वर्षाच्या विच्छेदनाला माझा विरोध नाही. परंतु सर्जन होऊ घातलेल्या डॉक्टरांना त्याच टेबलापाशी पुन्हा नेऊन उभे केले की शस्त्रक्रियेचा सराव झाला, ही समजूत मला धोक्याची वाटते.

टिकवण्याच्या पद्धतीने काय दिसते आणि काय लपते, याचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. प्रोस्टेटच्या कर्करोगात ग्रंथी काढून टाकल्यावर बहुतेक पुरुषांना नपुंसकत्व येत असे, आणि तसे होणे अटळ आहे असेच सर्जन मानत होते, कारण लिंग ताठ होण्यासाठी लागणारे मज्जातंतू नेमके कुठून जातात याची स्पष्ट कल्पना नव्हती. प्रौढांच्या टिकवलेल्या देहात पोटातल्या अवयवांच्या भाराने ओटीपोटातले अवयव दाबले जाऊन चपटे होत, आणि त्यांतून ते बारीक तंतू सोडवून काढणे जमत नसे. 1981 मध्ये अमेरिकेचे मूत्ररोगतज्ज्ञ पॅट्रिक वॉल्श हॉलंडमधील लायडन येथे पीटर डोंकर या निवृत्त प्राध्यापकांना भेटले. डोंकर जन्मतःच मृत असलेल्या अर्भकाच्या देहाचे विच्छेदन करीत होते, कारण त्यात हे तंतू स्पष्ट दिसत. दोघांनी मिळून पाहिले तेव्हा ते तंतू ग्रंथीच्या आवरणाच्या बाहेरून जातात असे आढळले, आणि पुढच्याच वर्षी वॉल्श यांनी ते वाचवून शस्त्रक्रिया केली. ज्या आईबापांचे ते मूल होते त्यांचे नाव मला ठाऊक नाही.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्टर थील यांनी बऱ्याच वर्षांच्या प्रयोगांनंतर 1992 मध्ये देह मऊ ठेवून टिकवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीत क्षार, बोरिक ॲसिड आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण वापरतात, फॉर्मॅलिन अगदी थोडे असते, आणि रक्तवाहिन्यांतून द्रावण भरल्यावर देह काही महिने टाकीत बुडवून ठेवतात. असा देह टेबलावर घेतला की फरक हाताला लगेच जाणवतो. खुबे आणि गुडघे वाकतात, कातडी सरकते, ऊतींचा रंग जिवंत माणसाच्या रंगाच्या बराच जवळ असतो, मूत्राशयात पाणी भरून दुर्बिणीने तपासता येते, आणि पोटात वायू भरून दुर्बिणीची शस्त्रक्रियाही करता येते. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठासह अनेक ठिकाणी ही पद्धत स्वीकारली गेली आहे. तिच्यात उणिवाही आहेत: टाक्या, जागा आणि महिनोन्‌महिने वाट पाहणे लागते, त्यातली काही रसायने साठवताना मोठी काळजी घ्यावी लागते, आणि बोरिक ॲसिडमुळे स्नायू जिवंतपणी असतात त्याहून नरम होतात. दुसरा मार्ग म्हणजे देह काही न भरता उणे 20 अंशांच्या आसपास गोठवून ठेवणे आणि सरावाआधी वितळवणे. हाताला तो जिवंत देहाच्या सर्वांत जवळचा लागतो. पण वितळल्यावर तो मोजके दिवस टिकतो, आणि जंतू मारले गेलेले नसल्याने क्षयापासून काविळीच्या विषाणूंपर्यंत सगळ्यांची धास्ती राहते. मिठाच्या संपृक्त द्रावणाची पद्धतही आहे. थीलच्या पद्धतीपेक्षा ती सोपी आणि स्वस्त आहे, आणि देह बऱ्यापैकी मऊ राहतो. आमच्या कामासाठी मला थीलचा किंवा त्याच्या जवळ जाणारा मऊ देह अधिक योग्य वाटतो, कारण एकच देह दीर्घ काळ वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांना शिकवतो आणि दात्याने दिलेले काही दिवसांत संपून जात नाही.

अशा एका प्रशिक्षणवर्गातला प्रसंग सांगते. टेबलावर एका वृद्ध स्त्रीचा देह होता. चेहरा आणि छाती झाकलेली होती आणि पाय शस्त्रक्रियेच्या स्थितीत आधारावर ठेवले होते. तिसऱ्या वर्षाची एक निवासी डॉक्टर वर सांगितलेला तो खोल अस्थिबंध शोधत होती. बोट आत गेले, थांबले, आणि ती म्हणाली, ‘मॅडम, लागले टोक.’ तिने अंदाज घेऊन टाका घातला आणि चेहऱ्यावर समाधान दिसले. शस्त्रक्रियागृहात ही गोष्ट इथेच संपली असती. आम्ही मात्र देह कुशीवर वळवला, नितंबाचा मोठा स्नायू उचलून बाजूला केला आणि तिचा टाका मागच्या बाजूने उघडा केला. तो मज्जातंतूपासून केवळ सात मिलिमीटरवर होता; पट्टी तिनेच लावली आणि तिनेच मोजले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने दुसऱ्या बाजूला टाका घातला. या खेपेला तिने आधी बोट टोकावर टेकवले, तिथून अस्थिबंधाच्या कडेने आत सरकवले, थांबून पुन्हा टोकापर्यंत मागे नेले आणि मगच सुई धरली. तो टाका बावीस मिलिमीटरवर निघाला. जिवंत रुग्णावर शंभर शस्त्रक्रिया केल्या तरी आपला टाका मागून कसा दिसतो, हे सर्जनला कधीच पाहायला मिळत नाही; चूक झाली तर ती रुग्णाच्या वेदनेतून, काही दिवसांनी कळते. देह हे उत्तर त्याच तासाला देतो, आणि ते कोणालाही न दुखवता देतो. संध्याकाळी वर्ग संपल्यावर त्या मुलीने स्वतःहून थांबून दोन्ही बाजूंची कातडी नीट शिवली. असे करायला तिला कोणी सांगितले नव्हते.

सिम्युलेटरविषयी माझ्या मनात अढी नाही. दुर्बिणीच्या पडद्याकडे पाहत दोन्ही हात चालवणे, गाठ मारणे, सुई धरणे यांसाठी ते फार चांगले आहेत, आणि हे सगळे देहापर्यंत पोहोचण्याआधीच आलेले असावे. सुश्रुताने शस्त्रकर्माच्या अभ्यासाला ‘योग्या’ म्हटले आणि कापण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, काकडी अशा फळांवर, भेदण्याचा पाण्याने भरलेल्या कातडी पिशवीवर आणि शिवण्याचा कापडावर व मऊ कातड्यावर करायला सांगितला. त्याच परंपरेने मृत शरीराचे थर स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचाही आग्रह धरला. दोन्हींची जागा वेगळी आहे हे तेव्हाही माहीत होते. सिलिकॉनचा पुतळा त्याच्या निर्मात्याला जेवढे ठाऊक असते तेवढेच शिकवतो आणि प्रत्येक वेळी तेच शिकवतो. देह एकासारखा दुसरा नसतो. ओटीपोटाच्या पुढच्या हाडाच्या मागून काही लोकांत एक जाड आडवी रक्तवाहिनी जाते, आणि ती तुटली तर इतका रक्तस्राव होतो की जुन्या शरीररचनाकारांनी तिला ‘मृत्यूचा मुकुट’ असे नाव दिले. काही देहांत ती ठसठशीत असते, काहींत नसतेच. तीन देहांत ती न सापडता चौथ्यात समोर आली, की विद्यार्थी पुढे आयुष्यभर तिथे हात जपून नेतो.

देहालाही मर्यादा आहेत, आणि त्या लपवल्या तर माझेच म्हणणे दुबळे होईल. मृतदेहातून रक्त येत नाही. काही ठिकाणी धमनीला पंप जोडून रंगीत द्रव फिरवतात, पण तो गोठत नाही आणि रुग्णाचा रक्तदाबही पडत नाही. जिवंत मूत्रवाहिनीला चिमट्याने हळूच स्पर्श केला तर ती गांडुळासारखी आकुंचन पावते आणि त्यावरून ती ओळखता येते. मृतदेहात ती हालचाल नसते. आधीच्या शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने घट्ट झालेल्या ऊती योगायोगानेच वाट्याला येतात. सराव केलेल्या डॉक्टरांचा आत्मविश्वास आणि शरीररचनेचे ज्ञान वाढते, हे दाखवणारे अभ्यास बरेच आहेत. त्यांच्या पुढच्या रुग्णांना इजा किती कमी झाल्या, इथपर्यंत जाणारे अभ्यास त्या मानाने थोडे आहेत, आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी ही नोंद ठेवायला हवी. आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. अंग बाहेर येण्यावर योनीमार्गाने बसवण्याची जाळी अनेक वर्षे विकली गेली, ती बसवण्याचे वर्ग मृतदेहांवरही झाले, आणि तरीही असंख्य स्त्रियांना वेदना आणि ऊती झिजून जाळी उघडी पडण्याचा त्रास सोसावा लागला. अखेर 2019 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिची विक्री थांबवण्याचा आदेश दिला. जाळी नीट कशी बसवावी हे देहावर शिकता येते, पण ती बसवावी की नाही हे देह सांगू शकत नाही, आणि सहा महिन्यांनी शरीर तिला कसे वागवील हेही सांगू शकत नाही. म्हणून एखाद्या कंपनीने आपल्या साहित्याच्या खपासाठी भरवलेला दोन दिवसांचा वर्ग आणि शिक्षणसंस्थेने आपल्या अभ्यासक्रमात बसवलेला सराव यांत मी फरक करते. दान केलेला देह पहिल्या कारणासाठी वापरला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पत्रलेखकांच्या मूळ शंकेकडे येते. दान केलेल्या देहाचा ओटीपोटाचा भाग उघडा करावा लागतो, हे खरे आहे, आणि त्यातली नाजूक बाजू नाकारण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये 1832 च्या कायद्याने गरिबांच्या आश्रयगृहांत मेलेल्या, कोणी न्यायला न आलेल्या माणसांचे देह विच्छेदनासाठी देण्याची मुभा दिली. त्याच वर्षी इंग्लिश तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी मात्र आपला देह स्वतःच्या इच्छेने विच्छेदनासाठी ठेवला. या दोन देहांवर होणारे काम बाहेरून सारखेच दिसते, पण माझ्या लेखी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शरीररचनाशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 मध्ये केलेल्या शिफारशींतही दात्याच्या पूर्ण माहितीनिशी दिलेल्या संमतीवरच भर आहे. पूर्ण माहिती म्हणजे काय, याचा विचार मात्र अर्ज छापणाऱ्यांनी नीट केलेला दिसत नाही. मी पाहिलेल्या अर्जांत ‘वैद्यकीय शिक्षण व संशोधनासाठी’ एवढेच शब्द असतात. एखाद्या आजीने ते वाचून विद्यार्थी आपले हृदय पाहतील असे मनात धरलेले असू शकते, आणि आपल्या ओटीपोटावर सर्जन शस्त्रक्रियेचा सराव करतील हे तिच्या मनातही आलेले नसते. तिला ते सांगितले पाहिजे. शिक्षणासाठी विच्छेदन, शस्त्रक्रियेचा सराव, ओटीपोट व जननेंद्रियांवरचा सराव, छायाचित्रण, कंपन्यांच्या वर्गांत वापर, यांतल्या प्रत्येकाला वेगळे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याची सोय अर्जात हवी, आणि एखाद्याला ‘नाही’ म्हटले तरी बाकीचे दान कृतज्ञतेने स्वीकारले जावे. यामुळे काही देह आमच्या वाट्याला येणार नाहीत, ते मला मान्य आहे. दालनात काम चालू नसलेला भाग झाकलेला असावा, मोबाइल बाहेर ठेवावेत, वर्गाच्या सुरुवातीला दात्याचे वय आणि ज्ञात आजार सांगावेत म्हणजे समोर माणूस आहे याचे भान राहील, आणि शेवटी नातेवाइकांच्या इच्छेप्रमाणे अंत्यसंस्कार व्हावेत, या गोष्टी चांगल्या संस्था आजही करतात. त्या सर्वत्र सक्तीच्या व्हाव्यात.

त्याच सक्तीने आणखी एक गोष्ट व्हावी अशी माझी मागणी आहे. ज्या शस्त्रक्रियेत सुई किंवा चिमटा न दिसणाऱ्या जागी न्यावा लागतो, ती शस्त्रक्रिया मऊ राखलेल्या देहावर केल्याची आणि आपला टाका किंवा सुईचा मार्ग उघडा करून तपासल्याची नोंद असल्याशिवाय कोणत्याही डॉक्टरला रुग्णावर ती पहिल्यांदा करू देऊ नये. देहांची संख्या कमी आहे, टाक्या आणि तंत्रज्ञ कमी आहेत, हे मला माहीत आहे. एका विभागाने एकट्याने हे करण्याऐवजी स्त्रीरोग, मूत्ररोग आणि गुदाशयाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या विभागांनी एकत्र येऊन एकच सुसज्ज दालन चालवले तर ते आवाक्यात येते, कारण तिघांचीही काम करण्याची जागा हाडांच्या त्या एकाच भांड्यात आहे.

मी माझा स्वतःचा देहदानाचा अर्ज गेल्या वर्षी भरला. त्यात अशी वेगळी ओळ नव्हती, म्हणून ‘शस्त्रक्रियेच्या सरावासाठी, ओटीपोटासह’ एवढे शब्द मी समासात हाताने लिहिले आणि त्याखाली सही केली. कारकुनाने तो कागद परत करून समासात काही लिहायचे नसते असे सांगितले. मी तो तसाच ठेवून घेण्याची विनंती केली, आणि थोड्या बोलाचालीनंतर त्याने तो ठेवून घेतला.

आपली विश्वासू,
एक स्त्रीरोगतज्ज्ञ